मंडळीचा पांढरा झगा

सोमवार, १ सप्टेंबर

इस्त्रीवाली आणि तिचा ड्रायव्हर लग्नाची तारीख सांगायला आले. ऑक्टोबरचा दुसरा शनिवार. पोरगी कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीत कामाला आहे, तो बस चालवतो. दोघांच्याही मागेपुढे विचारणारं कोणी नाही, म्हणून आधी आमच्या दारात. आमची ही इतकी खुलली की त्यांना बसा म्हणायच्या आधीच गळ्यात टेप अडकवून आली.

"हात वर कर बघू."

"काकू, गुदगुल्या होतात."

"आत्ताच हसून घे गं. पुढे वेळ मिळत नाही."

ड्रायव्हर लाजून माझे पुठ्ठे मोजायला लागला. मी बाइंडिंगच्या शिकंज्यात पुस्तक आवळत होतो, ऐकलंच नाही असं दाखवलं.

ही वही नवी, उरल्यासुरल्या कागदाची. जुजबंदी, म्हणजे पानांच्या घड्यांची शिवण, माझीच. शाळा चौथीत सुटली. त्यानंतर जे शिकलो ते बांधायला आलेल्या पुस्तकांतून, आणि ती तर फाटलेलीच यायची. "यांच्या ज्ञानाला मधली पानं नाहीत," असं ही चारचौघांत सांगते. लोक हसतात, मीही हसतो.

झग्याचं इथे एकदा नीट लिहून ठेवतो. तीस वर्षांपूर्वी मला मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, वडील नेमलं, त्या रविवारी उपासनेत उभा राहिलो आणि म्हणालो, आपण कशाचे मालक नाही, सगळ्याचे कारभारी आहोत. माझ्या घरात बायकोचा लग्नातला पांढरा झगा पेटीत नुसता पडून आहे. आजपासून तो मंडळीचा. जिला ऐपत नाही तिनं तो घालावा, आणि जिला आहे तिनंही तोच घालावा, म्हणजे कोणी कोणापेक्षा उणं दिसायचं नाही. हिला आधी काही बोललो नव्हतो. म्हटलं, अचानक आनंद होऊ दे. ही शेजारी मान खाली घालून बसली होती, डोळे भरून आले होते. तो क्षण मी विसरलो नाही.

आजवर एकेचाळीस नवऱ्या त्या झग्यात उभ्या राहिल्या. कंत्राटदाराची बहीण तोच घालून उभी राहिली आणि झाडूवालीची लेकही तोच. आमची थोरलीसुद्धा. तिला पुढे सातव्याच महिन्यात मुलगी झाली, तरी काय टपोरी! बघणाऱ्याला नऊ महिन्यांची वाटावी. देवाची दया.

नियम एकच. जिनं स्वतःला राखलं आहे तिलाच झगा. वेस्ट्रीत, चर्चमागच्या खोलीत, बसवून मी तीन प्रश्न विचारतो आणि वहीत उत्तरं लिहितो. एकेचाळीस जणींनी तिन्हींना "हो" म्हटलंय. इस्त्रीवालीला शुक्रवारी बोलावलंय.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

आज इस्त्रीवाली वेस्ट्रीत आली.

पहिला प्रश्न, मनापासून लग्न करतेस का? म्हणाली, हो. दुसरा, झगा नेलास तसा परत करशील का? त्यावर हसायला लागली. "काका, सहा वर्षं प्रत्येक लग्नानंतर तो माझ्याकडेच येतो की धुवायला. डाव्या बाहीच्या लेसला कुठे रफू आहे ते तुमच्या आधी मी सांगेन."

तिसरा प्रश्न विचारला. स्वतःला राखलं आहेस का?

म्हणाली, "नाही."

वहीवर पेन तसंच टेकलेलं राहिलं. मला वाटलं, तिला प्रश्न कळला नसेल. पुन्हा विचारला.

"कळलाय काका. दोन वर्षं एका माणसाबरोबर राहिले. लग्न करतो म्हणाला होता. मी त्याला नवराच समजत होते. तो मला काय समजत होता ते तो निघून गेल्यावर कळलं. त्यानंतर मी प्रभूकडे आले, मंडळीत आले. ह्यांना सगळं पहिल्याच दिवशी सांगितलंय."

मी म्हणालो, पोरी, खरं बोललीस, बरं केलंस.

"मग मला क्षमा मिळालीय ना?"

"मिळालीय. क्षमा मिळते गं. झग्याचं वेगळं आहे."

मग म्हणाली, "ह्यांनाही विचारणार का हे?"

"त्याला कुठे झगा घालायचाय?"

"आणि मी हो म्हटलं असतं तर?"

"तर खोट्याचं पाप लागलं असतं."

"पण झगा मिळाला असता."

उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला. सहा वर्षं फुकट धुतलाय तिनं तो, चुणी न् चुणी बसवून. लेकीसारखी पोर. पण आपण कारभारी. आपल्याला दया आली म्हणून दुसऱ्याची ठेव वाटेल तशी वाटता येत नाही. ती हाताखालून बाजूला झाली नाही, एवढंच.

शनिवार, ६ सप्टेंबर

हिला सांगितलं. ही मशीनवर होती, पाय थांबवला नाही.

"माप घेतलंय मी तिचं," म्हणाली.

"मग खोडून टाक."

"एकेचाळीस जणींची मापं घेतली मी. तुम्हाला एकीचं तरी ठाऊक आहे?"

"मला कशाला ठाऊक असायला हवं? ते बायकांचं काम."

"बरं आहे," असं म्हणून हिनं दोरा दातानं तोडला.

"बरं आहे" हे हिचं जुनं. चव्वेचाळीस वर्षांत किती वेळा म्हणाली असेल! भांडण कसं ते आमच्या घराला माहीत नाही. विवाहाच्या वर्गात तरुणांना मी नेहमी सांगतो, माझ्या बायकोनं मला एकदाही उलट उत्तर दिलेलं नाही.

रविवार, ७ सप्टेंबर

उपासनेत दोघांच्या लग्नाची पहिली घोषणा झाली. कोणाची हरकत असल्यास कळवावी, इत्यादी. नंतर पाळकसाहेबांना गाठलं. तरुण माणूस, बदली होऊन आलेला. म्हणाले, "काका, लग्न मी लावतो. झग्याचं तुम्ही वडीलमंडळी बघा." आणि हात झटकून चहाकडे गेले. म्हणून बुधवारी बैठक बोलावली.

बुधवार, १० सप्टेंबर

पाच वडील जमलो. मी सगळं सविस्तर मांडलं, ती जे बोलली ते शब्दाला शब्द. झाकून सांगितलं असतं तर निर्णय कशावर घेणार?

औषधवाला म्हणाला, "जाऊ द्या ना बाइंडर. देऊन टाका. कशाला उकरायचं?" त्याच्या सुनेनं झगा घातला होता, त्यानं तर नियमाच्या बाजूनं उभं राहायला हवं होतं. निवृत्त हेडमास्तर चष्मा पुसत राहिले. कंत्राटदार तेवढा माझ्या बाजूनं. मोठ्यानं म्हणाला, "आज हिला दिला तर उद्या कोणीही येईल. पुढच्या साली माझ्या पोरीचं करायचंय, तिनं काय असल्यांच्या मागून घालायचा?"

मी म्हणालो, "झगा माझ्या घरातून आलाय. माझी थोरली तोच घालून वेदीपुढे उभी राहिली. तिच्या मानेइतकी ताठ मान मी दुसऱ्या कोणत्या नवरीची पाहिली नाही. त्या मानेची शपथ, मी हे होऊ देणार नाही."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. औषधवाल्याला खोकला लागला. माझ्या बोलण्यानं चांगलेच ओशाळले. नियम कायम राहिला.

घरी येताना जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. लॉन्ड्रीपाशी आलो तसा रस्ता ओलांडून पलीकडून आलो.

शनिवार, १३ सप्टेंबर

थोरली आली, नात शाळेत असताना, एकटीच. चप्पल काढायच्या आधी म्हणाली, "बाबा, तिला झगा द्या."

"तुला कोणी सांगितलं?"

"गावभर झालंय. लॉन्ड्रीत बायका कपडे टाकायला येतात आणि तिच्याकडे बघत उभ्या राहतात."

म्हणजे वडिलांच्या बैठकीतलं बाहेर फुटलं. फार वाईट झालं. वडीलमंडळींच्या बायकांच्या तोंडाला कुलूप नाही.

थोरली समोर स्टुलावर बसली, लहानपणी खळ ढवळायला बसायची तशी. "बाबा, तुम्ही मला वेस्ट्रीत विचारलं होतंत ते आठवतं?"

"आठवतं की. हो म्हणालीस."

"लगेच म्हणाले?"

"आधी पाणी मागितलंस. घाबरली होतीस. बाप झाला तरी वेस्ट्रीत तो वडील असतो."

"बाबा, मी..."

ही आतून ओल्या हातानं बाहेर आली. "पुरे," म्हणाली. "घरी जा बाळा. पोर शाळेतून येईल." आणि तिला दारापर्यंत सोडून आली. थोरलीचा जीव हळवा. दुसऱ्याचं दुःख तिला स्वतःचंच वाटतं. लहानपणापासून अशीच.

सोमवार, १५ सप्टेंबर

काल दुसरी घोषणा वाचायची होती. पाळकसाहेबांनी वाचली नाही. आज कारण कळलं. ड्रायव्हर ड्यूटीच्या कपड्यातच दुकानात आला.

"काका, तिनं ते तुम्हाला सांगितलं होतं. खोलीत. तुमच्यावर विश्वास ठेवून."

"मी माझं कर्तव्य..."

"आता तिला मंडळीत यायचं नाही. आम्ही कचेरीत सही करून लग्न करतोय. तारीख तीच." टोपी हातात फिरवत होता. "आणि माझं म्हणाल तर, तिच्या आधी मीही काही..."

मी हात वर केला. म्हटलं, बाबा रे, मी तुला विचारलेलं नाही.

तो हसला. तसं हसणं मला आवडलं नाही. "तेच तर," म्हणाला आणि निघून गेला.

शेवटी पोर मंडळीतून गेली. मनाला फार लागलं. मी तिला जा म्हणालो नव्हतो.

गुरुवार, १८ सप्टेंबर

दुपारी घरी आलो तर जेवणाच्या टेबलावर झगा. वेस्ट्रीतल्या कपाटाला दोन किल्ल्या, एक माझी, एक हिची. हिच्या किल्लीनं ही घेऊन आली होती. झगा उलटा करून पसरलेला, आतली शिवण वर.

"बसा," म्हणाली. "तुम्ही दोऱ्यासुईचे. तुम्हाला वाचता येईल."

कमरेच्या दोन्ही बाजूंना आत जादा कापडाची भरपूर माया ठेवलेली, आणि त्या कापडावर सुईच्या भोकांच्या रांगा, एकीला लागून एक. जुनं पुस्तक पुन्हा शिवायला घेतलं की घडीत आधीची भोकं दिसतात, तशीच. मी म्हणालो, कोणी बारीक, कोणी जाड, असणारच.

"ही रांग औषधवाल्याच्या सुनेची," हिनं बोट ठेवलं. "काडीसारखी होती पोरगी. पहिलं माप घेतलं तेव्हा इथे. लग्नाच्या आठवड्यात इथे. चार बोटं. ही कंत्राटदाराच्या बहिणीची. ही आणखी एकीची, नाव सांगत नाही, तिचा नवरा तुमच्या वर्गात शिकवतो. माझ्यापुढे उभ्या राहायच्या, थरथरायच्या. मी उसवायची आणि शिवायची. एकीलाही विचारलं नाही. तुम्ही विचारायचात, मी शिवायची. तीस वर्षं मंडळीची अब्रू अशी राहिली, बाइंडर."

मला ही कधी बाइंडर म्हणत नाही.

सगळ्यात बाहेरच्या कडेला एक रांग होती. त्यापुढे कापडच संपलं होतं. ती कोणाची ते हिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. थोरली तशी लहानपणापासून अंगानं भरलेली.

मग ही म्हणाली, "एकच पोरगी खरं बोलली. तिला हा मिळाला पाहिजे. माझा झगा मला परत द्या. मी तिला देते."

"अगं, दिलेलं परत कसं घेता येईल? आपण तो देवाला दिलाय."

"मी कधी दिला?"

"आपण दिला."

"तुम्ही उभे राहिलात," म्हणाली. "मी बसले होते."

चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा उलट उत्तर. शांतपणे समजावलं, रागावलो नाही. म्हटलं, इतर जणी खोटं बोलल्या असतील तर तो त्यांचा आणि देवाचा हिशेब. कारभाऱ्यानं जे समोर कबूल झालं त्यावर वागायचं. मग झग्याची घडी घातली, वेस्ट्रीत नेऊन ठेवला आणि येताना हिची किल्लीही माझ्या जुडग्यात घातली. हिच्याच भल्यासाठी. तिला मोह नको.

ही म्हणाली, "बरं आहे."

रविवार, २८ सप्टेंबर

ही उपासनेला आली नाही. लोकांनी विचारलं, सांगितलं, पाय दुखतोय.

घरात मशीन सारखं चालू असतं. फिकट निळं कापड आहे. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. जेवायला वाढते, पाणी देते, औषधाची वेळ सांगते. पाहुण्याला सांगावं तसं.

शनिवार, ११ ऑक्टोबर

आज कचेरीत लग्न झालं. मला निरोप होता. इस्त्रीवाली स्वतः येऊन हिच्यापाशी ठेवून गेली होती, "काकांनाही सांगा" म्हणून. मी गेलो नाही. वडिलानं बाहेरच्या लग्नाला उभं राहायचं म्हणजे आपणच केलेला नियम आपण मोडायचा. दिवसभर दुकानात हिशेबाच्या वह्या शिवत बसलो. तीनदा टाका चुकला, तीनदा उसवला.

ही सकाळी सहालाच गेली, निळा ड्रेस कागदात गुंडाळून. थोरलीही तिथे होती म्हणे. औषधवाल्याची सूनही गेली. आणखी बऱ्याच जणी होत्या. औषधवाल्यानंच दुकानासमोरून जाताना सांगितलं. "आमच्या मंडळीच्या बायकांचे अर्धे बाक तिकडे होते, बाइंडर," म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता पुढे गेला.

संध्याकाळी थोरलीचा फोन आला. "बाबा, आई चार दिवस माझ्याकडे राहतेय."

म्हटलं, राहू दे की. लेकीचं घर आहे.

सोमवार, २० ऑक्टोबर

चार दिवस कधीच झाले. फोन केला, नातीनं उचलला. "आजी मला फ्रॉक शिवतेय, नंतर करा."

भाकरी करायला घेतली, करपली. घरात कोणती वस्तू कुठे असते हे मला माहीत नाही. एवढी वर्षं या घराचा कारभारी म्हणवतोय आणि मीठ सापडायला पाव तास गेला.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

कंत्राटदाराच्या मुलीचं अचानक ठरलं. पुढच्या साली करणार होते, आता पुढच्याच शनिवारी. मुलगा परदेशी चाललाय म्हणे. वेस्ट्रीत तिन्ही प्रश्न विचारले. तिसऱ्याला मुलीनं टेबलाच्या कडेकडे बघत "हो" म्हटलं. वहीत लिहिलं.

झगा तिच्या मापाचा करायला हवा, म्हणून संध्याकाळी थोरलीकडे गेलो. हिनंच दार उघडलं. बरी दिसत होती. मला आत घेतलं, खुर्ची दिली.

"बेचाळिसावी आहे," म्हणालो. "चल. तुझ्याशिवाय कोण करणार?"

"हो म्हणाली का ती?"

"म्हणाली."

"मग बसेल तिला," ही म्हणाली. आणि नातीच्या वहीला कव्हर घालायला घेतलं.

मी थोडा वेळ बसलो. मग उठलो. थोरली जिन्यापर्यंत आली. "बाबा, जपून जा," म्हणाली. एवढंच. ती आणखी काही बोलेल म्हणून दोन पायऱ्यांवर थांबलो होतो. आता वाटतं, बोलली असती तर काय केलं असतं?

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

कंत्राटदाराची मुलगी दुपारी एकटीच वेस्ट्रीत आली. मी दार उघडं ठेवून बाहेर बसलो. ती आतल्या खोलीत झगा घालून आली, अंगावर शाल घेऊन. म्हणाली, "काका, बसत नाही."

"कुठे?"

शाल जराशी सरकवली. पाठीचे हूक मिळत नव्हते. चार बोटांचं अंतर होतं.

मी म्हणालो, शिंप्याकडे नेऊन देतो, उद्या सकाळपर्यंत करून देईल.

"शिंप्याकडे नको, काका." तिचे ओठ पांढरे पडले होते. "तो आईच्या ओळखीचा आहे. बाबांना कळलं तर मला जिवंत ठेवणार नाहीत."

तिला कपडे बदलून यायला सांगितलं. झगा टेबलावर उलटा केला, खिशातली पुस्तकं टोचायची आरी काढली आणि दोन्ही बाजूंची शिवण उसवली. मग सगळ्यात बाहेरच्या त्या रांगेत, आधी पाडलेल्या भोकांतूनच, दोरा ओवत गेलो. दुसरीकडे जागाच नव्हती. माझा टाका पुस्तकाचा, मोठा आणि आवळ, झग्याला शोभणारा नव्हे. पण आतून आहे, बाहेरून दिसणार नाही. इस्त्रीवालीला मी बसवलं होतं त्याच खुर्चीवर ही मुलगी बसून होती, गुडघ्यांवर हात ठेवून, जशी ती बसली होती. तिला मी काही विचारलं नाही.

झगा हातात घेताना ती रडली. म्हणाली, "तुम्ही फार चांगले आहात, काका." असं मला यापूर्वी कोणी म्हणालं असतं तर आवडलं असतं.

दारात जाऊन ती परत वळली. "काकू नाहीत का हो? त्यांना सांगायचं होतं. घरी कधी येणार आहेत?"

मी टेबलाच्या कडेकडे बघत म्हणालो, "येतील. येत्या आठवड्यात."